हातानं जोडलेली पाच कार्डं

हिलाल बोरसे धुळ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. देवपुरात त्यांचं घर होतं, आणि घरामागे पत्र्याच्या दोन खोल्या. त्या खोल्यांना ते वर्कशॉप म्हणत. कॉलेज सुटलं की चहा घेऊन सरळ तिथं जायचे ते जेवणाची हाक येईपर्यंत तिथंच.

तिथं त्यांच्या जोडीला एकच माणूस होतं, मंजुळाबाई भामरे. वय पंचेचाळीसच्या आसपास, माहेर एरंडोलकडचं. नवरा वारल्यावर त्या धुळ्याला आल्या आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रेडिओची कार्डं जोडायला लागल्या. दहा वर्षांनी रेडिओचा तो कारखाना बंद पडला. हिलालसरांनी तिथल्या जुन्या मालात मंजुळाबाईंनी जोडलेलं एक कार्ड पाहिलं होतं, आणि ते कोणी जोडलं याची चौकशी करत ते त्यांच्या खोलीपर्यंत गेले होते. सोल्डरिंगचे टाके इतके सारखे होते की साच्यातून काढल्यासारखे वाटावेत. तेव्हापासून ते त्यांना अक्का म्हणत आणि त्या त्यांना भाऊ.

नव्याण्णव साल उजाडताना पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. ही कंपनी राऊटर बनवायची. इंटरनेटवरून येणारी माहिती कुठल्या वाटेनं पुढं पाठवायची ते ठरवणारं हे यंत्र. त्याच्या पोटात खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक कार्ड बसतं. सगळ्यात वेगाची कार्डं इथरनेटची, सेकंदाला दहा कोटी ठोके पेलणारी. ती परदेशातून यायची आणि यायला चार-चार महिने लागायचे. हिलालसरांनी तसलंच कार्ड इथं बनवता येईल असा आराखडा एका परिषदेत मांडला होता. कंपनीनं लिहिलं होतं, 'पाच कार्डं बनवून द्या. जळगावच्या इंटरनेट केंद्रात नव्वद दिवस चालवून पाहू. टिकली तर चाळीस गावांच्या केंद्रांत हीच कार्डं बसतील.'

सरांनी पत्र दोनदा वाचलं. मग मंजुळाबाईंना वाचून दाखवलं, मराठीत करून.

"चाळीस गावं?" त्या म्हणाल्या. "इतली कार्डं आपुन दोन्ही जनं कसं करसूत भाऊ?"

"आधी पाच करू अक्का."

कार्डावरच्या मुख्य चिपला शंभर पाय होते, आणि दोन पायांमधली जागा अर्ध्या मिलिमीटरची. कंपन्यांमध्ये हे काम यंत्र करतं. मंजुळाबाई ते भिंगाखाली, हातानं करत. श्वास रोखून एक ओळ पूर्ण करायच्या, मग मान वर करून खिडकीबाहेर बघायच्या, मग दुसरी ओळ. एका कार्डाला सहा दिवस लागले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाचही कार्डं टेबलावर ओळीनं मांडलेली होती आणि पाचही चालत होती.

राहिली होती तापमानाची चाचणी. कंपनीच्या अटीत पंचावन्न अंश लिहिलेलं होतं. सरांनी पत्र्याच्या पेटीत दोन बल्ब लावून भट्टी बनवली होती. कार्ड आत ठेवायचं, तापमान चढवत न्यायचं, आणि कार्डावरचा हिरवा दिवा लागलेला राहतो का ते काचेतून बघायचं. सर कॉलेजात असताना मंजुळाबाईच हे काम करत. वाचता त्यांना मराठी यायचं, आकडे यायचे. इंग्रजी येत नव्हतं.

त्या दिवशी सर आले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

"भाऊ, तीन नंबरनं कार्ड दखा. तपनं की मरस."

"कितीला?"

"सत्तेचाळीसवर. थंड व्हयनं की परत चालू. पाचीबी दखात मी. तीन मरतस, दोन टिकतस."

सरांनी स्वतः बघितलं. तसंच होत होतं. कारण शोधायला त्यांना अर्धा तास लागला. कार्डावर नखाएवढी एक पत्र्याची डबी असते, क्रिस्टल म्हणतात तिला. सगळ्या कार्डाला ती ठोका देते, आणि तो ठोका थांबला तर कार्ड थांबतं. सरांनी आराखड्यात लिहिलेलं क्रिस्टल बाजारात मिळालं नव्हतं, म्हणून त्यांनी मुंबईहून दुसरं आणलं होतं, साधं. दुकानदारानं चालेल म्हटलं होतं. पाचांपैकी तीन क्रिस्टलं सत्तेचाळीस अंशांवर थांबत होती. टाक्यांचा यात काही संबंध नव्हता.

"मग पुण्याले सांगी द्या," मंजुळाबाई म्हणाल्या. "दुसरं मांगाडी ल्या. मी बदली दिसू, एक दिवसनं काम."

योग्य क्रिस्टल मागवायचं तर अडीच महिने लागले असते. कंपनीची तारीख वीस मार्च होती आणि त्याच कामासाठी बंगलोरची एक कंपनी टपून बसली होती. जळगावच्या केंद्रात एसी होता. खोली बावीस अंशांवर असायची, आणि राऊटरच्या पोटातही पस्तीसच्या वर जायचं कारण नव्हतं. नव्वद दिवस निघून गेले की ऑर्डर येईल, आणि ऑर्डरच्या कार्डांत योग्य क्रिस्टल घालता येईल. हे सगळं त्यांनी मनात नीट मांडून घेतलं.

"तिथं एसी आहे अक्का," ते म्हणाले. "तिथं एवढं तापत नाही. आपण पुढच्या वेळी बदलू."

चाचणीच्या कागदावर त्यांनी पाचही कार्डांपुढे 'पंचावन्न अंश, समाधानकारक' असं लिहिलं आणि सही केली.

* * *

जळगावच्या केंद्राचे प्रमुख होते रतिलाल नारखेडे. बावीस वर्षं टेलिफोन खात्यात काढून ते स्वेच्छेनं बाहेर पडले होते आणि पुण्याच्या कंपनीचे राऊटर वापरणाऱ्या 'तापीनेट' नावाच्या नव्या खासगी इंटरनेट कंपनीत आले होते. पन्नाशीत नोकरी सोडली म्हणून नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. धुळ्यातल्या मास्तरानं बनवलेली कार्डं आपल्या केंद्रात चालवून बघू, असं पुण्याच्या लोकांना त्यांनीच सांगितलं होतं. तीनदा सांगावं लागलं होतं.

कार्डं बसवायला हिलालसर निघाले तेव्हा त्यांनी मंजुळाबाईंनाही सोबत घेतलं. सकाळच्या एसटीनं पारोळा, एरंडोल करत ते जळगावला पोचले. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा मंजुळाबाईंनी खिडकीतून बोट करून भावाच्या गावाकडे जाणारा रस्ता दाखवला.

केंद्राच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. आत गार होतं. रतिलालभाऊंनी स्वतः पाचही कार्डं खाचांत सरकवली. एकेक दिवा लागत गेला. शेवटचा लागल्यावर ते मागे वळले आणि खोलीतल्या तिघा-चौघांना म्हणाले, "ही कार्डं ज्यांनी जोडली ना, त्या या. मंजुळाबाई. नीट बघून घ्या. शंभर पायांची चिप हातानं!"

मंजुळाबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि काय करावं ते न सुचून सगळ्यांना नमस्कार केला. रतिलालभाऊंनी त्यांना खुर्चीवर बसवून संगणकाच्या पडद्यावर लांबच्या कुठल्यातरी देशातलं एक चित्र उघडून दाखवलं, बर्फातलं गाव होतं ते.

"हे तुमच्या कार्डातून आलं आत्ता," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत मंजुळाबाई हसून म्हणाल्या, "भाऊ, मन्हा मायना पोटमा मी सातवी पोरगी. कोनी नाव ठेवाले तयार नव्हतं."

हिलालसर हसले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

* * *

एप्रिल गेला. मे महिन्यात जळगाव तापलं, पंचेचाळीसच्या वर. अठरा तारखेला शहराच्या त्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला आणि केंद्र जनरेटरवर गेलं. जनरेटर यंत्रांना पुरत होता, एसीला पुरत नव्हता. रतिलालभाऊंनी दारं-खिडक्या उघडून टेबलफॅन लावले. दुपारी एकच्या सुमाराला तीन कार्डं एकापाठोपाठ एक बंद पडली. जळगावसह भुसावळ, जामनेर, पहूरपर्यंतची सगळी जोडणी गेली. संध्याकाळी वारा सुटल्यावर कार्डं आपोआप चालू झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बंद.

रतिलालभाऊंचा फोन आला.

"हिलाल, दुपारी मरतात, संध्याकाळी उठतात. उष्णतेचं आहे हे. पण तुम्ही तर पंचावन्नला तपासलीत?"

"हो," हिलालसर म्हणाले.

हा एक शब्द त्यांच्या तोंडून विचार करायच्या आधीच गेला. नंतर कितीतरी दिवस त्यांना वाटायचं, त्या वेळी फोनवर एक क्षण थांबलो असतो तरी पुरलं असतं.

वीज यायला पाच दिवस लागले. तेवढ्यात तापीनेटचे निम्म्याहून जास्त ग्राहक गेले. एका मोठ्या इस्पितळानं रतिलालभाऊंच्या शब्दावर आपली सगळी व्यवस्था या जोडणीवर टाकली होती. तिथल्या डॉक्टरांनी तर ग्राहकांच्या भर सभेत रतिलालभाऊंची लाज काढली. महिनाअखेर पुण्याहून जळगावला चौकशीला तीन माणसं आली, हिलालसरांनाही तिथं बोलावलं. त्यांच्या मुख्य इंजिनिअरसाहेबांनी मृदू आवाजात सगळ्यांची विचारपूस केली, सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली कार्ड धरलं आणि मान वर केली.

"हे हातानं जोडलंय?"

"हो," हिलालसर म्हणाले.

"तुम्ही?"

"नाही. माझ्याकडे एक बाई आहेत."

"आयटीआय वगैरे?"

"नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत."

साहेबांनी शेजाऱ्याकडे बघितलं. "गरम झालं की हातानं दिलेला टाका उकलतो, थंड झालं की परत चिकटतो. नेहमीचा प्रकार. बोरसेसर, तुमचा आराखडा उत्तम आहे, हे मी आधीच सांगतो. तो आम्ही सोडणार नाही. पण कार्डं यापुढे आमच्याकडे यंत्रावर जोडली जातील. त्या बाईंना मात्र यातून बाजूला करावं लागेल. अहवालात कारण तेवढंच जाईल, जोडणीतला दोष. तुम्हाला मान्य आहे ना?"

शेजाऱ्यानं बाईंचं नाव विचारून अहवालात ती ओळ लिहिली आणि कागद सरांपुढे ठेवला. खरं सांगायचं तर चाचणीच्या खोट्या सहीबद्दल सांगावं लागणार होतं. आराखडा जाणार होता, कॉलेजात कळणार होतं, कदाचित नोकरीही जाणार होती. आणि इथं फक्त एक ओळ मान्य करायची होती. मंजुळाबाईंचं नाव इंग्रजीत लिहिलेलं होतं, कंसात 'अप्रशिक्षित' या अर्थाचा शब्द. पुण्याच्या कपाटात पडणारा कागद. त्या तो कधी बघणार होत्या?

रतिलालभाऊ टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. ते हिलालसरांकडे एकटक बघत होते. बहुधा त्यांना वाटत होतं, हा माणूस आता काहीतरी बोलेल.

हिलालसरांनी सही केली.

* * *

धुळ्याला आल्यावर त्यांनी मंजुळाबाईंना सांगितलं की आता कार्डं पुण्याला यंत्रावर होणार, इथलं काम थांबलं.

मंजुळाबाई टेबलावरच्या वस्तू जागच्या जागी ठेवत होत्या. त्यांचे हात थांबले.

"मन्हं काही चुकनं का भाऊ?"

"छे. तुमचं काय चुकणार?"

"मग त्या कागदवर काय लिखेल शे?" सरांच्या पिशवीतून अहवालाची प्रत डोकावत होती. "मन्हं नाव शे का त्यामा?"

सरांनी प्रत बाहेर काढली. आता मागं जायला जागा नव्हती. त्यांनी कागद उघडला आणि ओळीवर बोट ठेवून वाचल्यासारखं केलं. "आहे ना. 'मंजुळाबाई भामरे यांचं काम चांगलं होतं. पण एवढी जास्त कार्डं हातानं होणं शक्य नाही, म्हणून यंत्र वापरावं.' असं आहे."

मंजुळाबाईंनी कागदाकडे बघितलं. इंग्रजीतलं आपलं नाव कुठलं ते विचारलं. सरांनी दाखवलं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"बरं वाटनं भाऊ," त्या म्हणाल्या. "काम गयं ते गयं."

जून-जुलैत त्या काम शोधत फिरल्या. एमआयडीसीत टीव्हीचे सुटे भाग जोडणारा एक कारखाना होता. तिथला मॅनेजर त्यांना रेडिओच्या दिवसांपासून ओळखायचा. त्यानं आधी या म्हटलं आणि मग आठ दिवसांनी नको म्हटलं. पुण्याच्या कंपनीचा कोणीतरी माणूस त्याच्याकडे येऊन गेला होता.

"बाई, राग मानू नका," तो म्हणाला. "तुमच्या टाक्यांमुळे जळगावचं सगळं बंद पडलं म्हणतात. लेखी आहे म्हणे. मी कसं घेऊ?"

त्या तिथून सरळ हिलालसरांच्या घरी आल्या. भर दुपार होती, सर वर्कशॉपमध्ये एकटेच होते. मंजुळाबाई दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं.

"भाऊ, तो मानूस म्हनस का मन्हा टाका उकलनात. लिखेल शे म्हने."

"त्याला काही कळत नाही अक्का. मी सांगतो त्याला. मी जातो."

"जाशात ना?"

"जातो."

ते गेले नाहीत. पहिल्या आठवड्यात परीक्षेचं काम होतं, दुसऱ्यात पाऊस होता. तिसऱ्या आठवड्यात कारखान्याच्या फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले, कारण मॅनेजरला खरं सांगायचं तर तो पुण्याला कळवणार, आणि नुसतं 'बाई चांगल्या आहेत' म्हटलं तर तो त्या लेखी अहवालाचा दाखला देणार. मंजुळाबाई पुन्हा विचारायला आल्या नाहीत. ऑगस्टमध्ये सर त्यांच्या खोलीवर गेले तेव्हा कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, बाईंचा भाऊ येऊन त्यांना गावी घेऊन गेला.

"बाईनं हाय खाल्ली हो," शेजारीण म्हणाली. "मी मशीनची वायर तुटली म्हणून दिली होती जोडायला. हातात धरून बसून राहिली. म्हणे, मन्हा हातस्ना आते भरोसा नही. रडायला लागली."

सर घरी आले आणि त्या दिवशी वर्कशॉप उघडलं नाही.

* * *

ऑक्टोबरमध्ये पुण्यात यंत्रावर जोडलेली पहिली वीस कार्डं निघाली. कंपनीनं क्रिस्टलं हिलालसरांनी पाच कार्डांसोबत दिलेल्या यादीवरूनच घेतली होती, त्या यादीत मुंबईचं ते साधं क्रिस्टल होतं, आणि ती बदलायला सर धजले नव्हते. बदललं असतं तर का, असं कोणीतरी विचारलं असतं. ऑक्टोबरच्या उन्हात, एसी नसलेल्या केंद्रांत, अकरा कार्डं बंद पडली. कंपनीनं इथं कार्डं बनवायचा नाद सोडला, जुन्या कागदांचा गठ्ठा बांधला आणि परदेशी कार्डांची ऑर्डर दिली. हिलालसरांना दोन ओळींचं आभाराचं पत्र आलं. कोणी काही विचारलं नाही. ज्या भीतीपोटी एवढं सगळं केलं होतं ती अशी फुकाच गेली.

नोव्हेंबरच्या एका रविवारी सकाळी रतिलालभाऊ दारात उभे होते. जूनमध्येच त्यांना केंद्रावरून काढलं होतं. आता ते जळगावात टेलिफोनची जुनी यंत्रं दुरुस्त करून द्यायचे. सहा महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"तीन नंबरचं आहे. मला टाकून द्यायला सांगितलं होतं, मी ठेवलं. महिनाभर बसलो याच्यापुढे. एकेक टाका भिंगाखाली बघितला, चारशेच्या वर आहेत. एकही उकललेला नाही, हिलाल. मग क्रिस्टल बदललं. साठ अंशांपर्यंत नेलं. जळत राहिला दिवा."

हिलालसरांनी कार्ड जवळ ओढलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"केव्हापासून?"

"मार्चपासून. अक्कांनीच दाखवलं होतं मला."

रतिलालभाऊंनी कार्ड परत वर्तमानपत्रात गुंडाळलं. "माझं जाऊ द्या," ते म्हणाले. "मी नोकरी सोडून आलो ते माझ्या अकलेनं. त्या बाईला कोणी सांगितलं का?"

"नाही."

"कपडे घाला. आत्ता जायचं."

एरंडोलला उतरून ते टमटमनं गावात गेले. मंजुळाबाईंचे भाऊ झुलाल यांनी त्यांना शेतात नेलं. कापूस वेचणी चालू होती. वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधून सात-आठ बाया ओळीनं पुढं सरकत होत्या. मंजुळाबाई सगळ्यांच्या मागं होत्या. त्यांना बघून त्या बांधावर आल्या. हाताची बोटं बोंडांनी ओरबाडली होती. त्यांनी दोघांना निंबाच्या सावलीत बसायला जागा करून दिली, कळशीतलं पाणी दिलं.

हिलालसरांनी सांगायला सुरुवात केली. वाटेत गाडीत त्यांनी मनात सगळं जुळवलं होतं, पण तोंडातून तुकड्यातुकड्यांनीच आलं. क्रिस्टल खराब होतं. मी खोटं लिहिलं. तुम्ही सांगितलं होतं तरी मी ऐकलं नाही. मग त्या लोकांनी दुर्बिणीतून बघून टाके खराब आहेत म्हटलं आणि मी सही केली. रतिलालभाऊंचीही नोकरी गेली. तुमच्या हातात काही दोष नव्हता. एकाही टाक्यात नव्हता.

मंजुळाबाई मान खाली घालून ऐकत होत्या. सर थांबल्यावर त्यांनी वर बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. कोणी लहान मूल समजूत घालायला आल्यावर आपण जसं बघतो तसं त्या बघत होत्या.

"भाऊ, तुम्ही माले बरं वाटाले सांगी ऱ्हायनात."

"नाही अक्का. खरं सांगतोय."

"तवयबी आसंच सांगं व्हतं. कागद वाचीसन. तवयबी माले बरं वाटनं व्हतं."

"तेव्हा मी खोटं वाचलं होतं. आत्ता खरं सांगतोय."

"मग आतेनं खरं कसं समजू?" त्या शांतपणे म्हणाल्या. "लिखेलमा एक शे, तुमना तोंडमा दुसरं शे. त्या बठ्ठा लोके शिकेल शेतस. त्यास्नी दुर्बिणमा दखं. मी ते आडानी."

रतिलालभाऊ पुढं झुकले. "बाई, मी बघितलंय ना. महिनाभर एकेक टाका बघितलाय. माझ्यावर तरी विश्वास ठेवा. तुमच्यासारखं काम मी बावीस वर्षांत बघितलं नाही."

मंजुळाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरले. "तुम्हीबी चांगला मानूस शेतस. मन्हामुळे तुमनी नोकरी गयी, आनि तुम्हीच माले समजाडाले उनात."

"तुमच्यामुळे नाही गेली!" रतिलालभाऊ जवळजवळ ओरडले. ओळीतल्या दोन बायांनी मान वळवून बघितलं.

मंजुळाबाईंनी दोन्ही हात पुढं धरले. तळवे वर केलेले. बोटं थरथरत होती, बारीक, न थांबता. "दखा. आधीपासून आसंच व्हई. माले समजनं नही. रेडिओमा चाली गयं, तुमना कार्डमा उघडं पडनं."

हिलालसरांना त्या हातांकडे बघवेना. त्यांनी मान खाली घातली, आणि मग ते बांधावर, मातीत, त्यांच्या पायांशी वाकले. मंजुळाबाई घाईनं मागं सरकल्या.

"आसं नका करू भाऊ. लोके दखतस."

त्यांनी झुलालला हाक मारली आणि पाहुण्यांना घरी नेऊन चहा पाजायला सांगितलं. मुलं कशी आहेत ते सरांना विचारलं. धाकटीला दहावीला किती टक्के पडले ते विचारलं. मग कमरेची ओटी सारखी केली. "आते मी जास. ऊन चढं की कापूस सुकस, वजन कमी भरस," असं म्हणून त्या ओळीत जाऊन वाकल्या.

झुलालनं चहाचा आग्रह केला. दोघांनी नको म्हटलं. फाट्यापर्यंत ते चालत आले. झुलाल सोबत होते, ते सांगत होते की बहीण दिवसभर बरी असते, वेचणी करते, पोरांना जेवू घालते. घरात बॅटरी बिघडली, मिक्सर बिघडला तर मात्र हात लावत नाही, तालुक्याला पाठवायला सांगते. एकदा त्यांनी गमतीनं म्हटलं, तू तर इंटरनेट जोडलं होतंस, तर दोन दिवस ती जेवली नव्हती.

पुढच्या आठवड्यात हिलालसरांनी पुण्याला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, तारखांसकट, सहीसकट, आणि अहवालातली ती ओळ बदलावी अशी विनंती केली. एक प्रत टीव्हीच्या कारखान्याच्या मॅनेजरला दिली. मॅनेजरनं वाचली आणि म्हणाला, "आता येतील का त्या?" पुण्याहून उत्तर आलं ते डिसेंबरच्या शेवटी. संबंधित प्रकल्प बंद झाल्यामुळे त्याच्या कागदपत्रांत कुठलाही बदल करता येत नाही, असं होतं. खाली सही कुणा नव्या माणसाची होती.

कॉलेजच्या प्राचार्यांनाही सरांनी प्रत दिली होती. प्राचार्यांनी त्यांना बोलावून दार लावलं आणि म्हणाले, झालं ते झालं, कशाला उकरता. प्राचार्यांनी सरांसमोरच ती प्रत फाडून टाकली. हिलालसर पुढच्या तासाला गेले. फळ्यावर त्या दिवशीचा विषय आधीच कोणीतरी लिहून ठेवला होता. त्यांनी हजेरी घेतली आणि शिकवायला सुरुवात केली.